घोडं कुठे पेंड खातंय

ग्दिनियाच्या बंदरात फेब्रुवारी,
पाण्यावर सायीसारखा पातळ बर्फ,
आणि चौथ्या मजल्यावर आम्ही
एका जपानी खोक्यातून
घोडा उतरवून घेतोय.

खोक्यात तो बरा होता.
पाठीवर मिठाची पोती, दलदल ओलांडायचा,
सेकंदाला तीस चित्रं,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
सात वर्षं कुणाची तक्रार नव्हती.
आता त्याला कॉम्प्युटरवर आणायचंय
आणि इकडच्या लोकांना साठ हवीत.
साठ म्हणजे किमान. काहींना एकशे चव्वेचाळीस.
त्यांच्या एकेका ग्राफिक्स कार्डात
माझं चार महिन्यांचं घरभाडं बसेल.

इगा टेस्टिंगला. वय तेवीस, एका कानात तीन बाळ्या.
म्हणाली, बोगुमिला, गवतात शिरला की अडखळतो.
कार्ड बदललं. त्याहून महाग घातलं. तरी अडखळतो.
कार्डाचा पंखासुद्धा फिरेना, इतकं निवांत.
मग आलेख उघडला, आणि कळलं
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय.
आठ कोअर, त्यातला एकच राबतोय.
गवताचं पातं न् पातं, पाऊस, घोड्याची भूक,
पोती भिजली की वाढणारं वजन,
सगळं त्या एकाच्या डोक्यावर.
दोनशे पानांची पंगत आणि वाढपी एक.
बाकीचे सात दाराशी उभे, कोरडे हात पुसत,
आणि ते महागडं कार्ड
रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसलेलं.

रादोस्लाव म्हणाला, तीसचं कुलूप तरी काढून बघू.
काढलं.
घोडा उधळला.
पाऊस दुप्पट घाईनं पडायला लागला,
मिठागरातली म्हातारी तुरुतुरु चालत सुटली,
संध्याकाळ व्हायच्या आधीच तिची संध्याकाळ झाली.
इगा हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी.
मला हसू आलं नाही.
इथे चित्र आणि वेळ वेगळे नव्हतेच.
एक चित्र म्हणजे एक क्षण, असंच शिवलं होतं कुणीतरी.

कोण ते चार हजाराव्या ओळीपाशी सापडलं.
किनोशिता नावाच्या माणसाची टीप:
"इथे काळ बांधला आहे.
सोडणाऱ्याने आधी गाठी मोजाव्यात.
माफ करा, डिसेंबर होता."

डिसेंबर होता.
एवढ्यावर मी त्या माणसाला सगळं माफ केलं.
आमचाही मार्च येतच होता.

गाठी मोजल्या. सहाशे बारा.
दिवसाला वीस सुटायच्या, त्यातल्या तीन पुन्हा बसायच्या.
एकदा घोडा हवेत चालला. एकदा म्हातारी मेलीच नाही.
रात्री घरी जाताना ट्रॉलीबसचा दांडा तारेवरून निसटला,
आख्खी बस अंधारात, तीस-चाळीस माणसं गप्प,
आणि ड्रायव्हर बाई हातमोजे घालून
काठीनं तार शोधतेय.
माझ्या डोक्यात मिलिसेकंद चालू. एका चित्राला सोळा.
बाईंना चार मिनिटं लागली. कुणी काही बोललं नाही.

बाबांना सांगितलं. एकतीस वर्षं ते क्रेनवर होते.
"क्रेन कधीच हळू नव्हती," ते म्हणाले,
"खाली ट्रकच नसायचा.
आणि ऑफिसातून फोन यायचा, क्रेन का थांबली?"
मग सूप ढवळत बसले.

मार्चअखेर सात वाढप्यांच्या हातात पळ्या दिल्या.
मोकळ्या रानात साठ. गवतात बावन्न, कधी एकोणपन्नास.
लोक बोलणार आहेत. बोलू देत.
कंपनीनं खोक्यावर साठ छापून टाकलंय,
मला न विचारता.

रविवारी बाबांना दाखवला. जुना आधी, मग नवा.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितला.
"मला काही फरक दिसत नाही."
थोड्या वेळानं म्हणाले,
"पण आधीचा कान हलवत नव्हता."

हलवत होता, बाबा.
दोन चित्रांच्या मध्ये कुठेतरी.